मिरजगावचा फोन

पुरुषाचा गाल ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. थोरला साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही भेटलो की चारचौघे साडू करतात ती पाऊसपाण्याची आणि पोराबाळांची चौकशी नंतर. आधी त्यांच्या उजव्या हाताची बोटं, मागच्या बाजूनं, माझ्या कानापासून नाही तर हनुवटीपासून वर, म्हणजे केसांच्या उलट्या दिशेनं, एकदा फिरून येतात. मग डोळे बारीक करून ते असं बघतात की आपण माणूस नसून मशीनवरून नुकताच उतरलेला नग आहोत असं वाटावं, आणि निकाल देतात. "जबड्याखाली राहिलंय." किंवा, "पातं बदला, पाव्हणं." माझ्या लग्नात मी मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा, अंतरपाट धरलेला, भटजींनी घसा साफ केलेला, आणि त्या अंतरपाटाच्या कडेनं एक हात आत आला, माझ्या गालावरून फिरला आणि परत गेला. मला वाटलं, ही यांच्याकडची काही रीत असेल. पलीकडून आवाज आला, "चालंल." आपलं लग्न त्या एका शब्दावर लागलं, असं माझी बायको अजून म्हणते. बँकेतला साहेब असो, एसटीत शेजारी बसलेला अनोळखी प्रवासी असो, साडूभाऊंचा हात कधी वर जाईल सांगता येत नाही. टीव्हीवर पुढाऱ्याचं भाषण लागलं तर ते आवाज बंद करून नुसता गाल बघतात. "डावीकडून घाई केली हाय," म्हणतात, आणि त्या पुढाऱ्यावरचा त्यांचा विश्वास उडतो.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. मी मुळात गप्प माणूस. कर्जतला सरकारी कचेरीत टेबलामागे बसण्यात माझी निम्मी हयात गेली. शेजारच्या घरी दूध उतू गेलं तरी आपलंच काही चुकलं असावं असं वाटणाऱ्या जातीतला मी आहे; पाहुण्यांच्या चहात साखर कमी पडली तर रात्रभर कूस बदलतो. असा माणूस बोलतच नाही, मग खोटं बोलताना सापडणार कुठून? तेवढ्यावरून साडूभाऊंनी मला अख्ख्या गोतावळ्यातला एकमेव खरं बोलणारा माणूस ठरवून टाकलं. आणि गेल्या खंडेनवमीला त्यांचं लेथ मशीन जागेवर राहणार की भंगारवाल्याच्या टेम्पोत चढणार, हे माझ्या एका उत्तरावर येऊन ठेपलं. त्याचं काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी साडूभाऊंची मूठ म्हणजे काय, हे कळायला हवं.

साडूभाऊ नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर होते. दिवसभर कंपनीच्या लेथवर उभं राहून लोखंड कातायचं, आणि घरी आल्यावर विरंगुळा म्हणून घरच्या लेथवर पितळ कातायचं, असा त्यांचा दिनक्रम. शेजारचा एक कारखाना बंद पडला तेव्हा त्याचं जुनं मशीन त्यांनी उचलून आणलं. ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, विचारलं नाही. क्रेन दारात आल्यावर सांगितलं. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बसवलं. त्या जागी तुळस होती, ती जिन्याखाली गेली. ताई म्हणायच्या, "सवत आणली असती तर निदान धुणं तरी धुतलं असतं." मशीन सुरू झालं की गल्लीतले बल्ब मंद व्हायचे आणि शेजारची म्हातारी हरिपाठाचं पुस्तक मिटून "लागले दाढीला" म्हणायची.

त्या मशीनवर ते करायचे ते दाढीच्या रेझरच्या मुठी. फक्त मुठी. बाजारातलं साधं, पात्याचं रेझर आणायचं, पातं ज्यात बसतं ते वरचं डोकं तेवढं ठेवायचं आणि खालची दांडी तोंड वाकडं करून कोपऱ्यात टाकायची. तिच्या जागी साडूभाऊंची मूठ. भरीव पितळेची, मधे कंबर काढलेली, ओल्या हातात पकड बसावी म्हणून अंगावर बारीक जाळी उठवलेली, टोकाला आटे पाडलेली. चिंच लावून उजळली की अशी झळकायची, की देवघरातल्या समईनं तिला आपली धाकटी बहीण म्हणावं. वजनाविषयी त्यांचं एक तत्त्व होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्या घरातून कुणी उठू शकत नसे. "दाढी वजनानं हुती, पाव्हणं, हातानं न्हाई. हातानं फकस्त वाट दाखवायची." या तत्त्वापायी त्या मुठीचं वजन अडकित्त्याहून जास्त आणि खलबत्त्यातल्या बत्त्याहून थोडंसंच कमी भरायचं. ही मूठ विकायची नाही, द्यायची. ती तुमच्या नातवाला जाईल, असं ते छातीठोक सांगत. मला एकच मुलगी आहे, असं मी एकदा चाचरत म्हणालो. "मंग जावयाला जाईल," ते म्हणाले. "जावई दाढी करनाराच बघा म्हंजे झालं."

मूठ ज्याची, त्याच्याच हाताची. हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान, आणि आमच्या सासरवाडीतल्या बायकांच्या सगळ्यात मोठ्या वैतागाचं कारण. माझ्या पहिल्या दिवाळसणाला सोनईत सासऱ्यांच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. साडूभाऊ स्वयंपाकघरात शिरले, परातीतल्या मळलेल्या कणकेचा एक गोळा उचलला, कीड लागू नये म्हणून त्यात मूठभर मीठ मळलं, त्याची जाडसर वळी केली आणि मला आरशापुढं उभं करून ती हातात दिली. "धरा. दाढी करताना धरता तसं." मी धरली. "भाकरी मोडल्यागत न्हाई." मी पुन्हा धरली. "पेन धरल्यागत बी न्हाई. कोन बघत न्हाई असं समजा आन् धरा." दारात सासू, दोन चुलत सासवा, मेहुणा आणि शेजारच्या चार पोरी उभ्या होत्या. मी डोळे मिटले आणि धरली. बोटांचे ठसे उमटलेली ती वळी त्यांनी तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांवर घेऊन गच्चीवर नेली आणि कुरडयांच्या शेजारी वाळत घातली. वाळून दगड झाली की ती शेडमधल्या फळीवर जायची, आणि तिच्या खाचांवरून मुठीची कंबर कुठं बारीक, कुठं जाड, ते ठरायचं. घरातल्या समस्त पुरुषांच्या मुठी त्या फळीवर ओळीनं बसलेल्या असत. रात्री शेडमध्ये जायला पाहुण्यांची पोरं घाबरायची.

माझ्या मेहुण्याचं, म्हणजे बायकोच्या भावाचं, प्रकरण त्याच दिवाळीतलं. त्याचा ठसा घेऊन झाला, पण गच्चीवर न्यायच्या आधी साडूभाऊंना कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी वळी परातीच्या काठावर ठेवली. पाहुण्यांची पंगत बसायची घाई. ताईंनी हाताला येईल तो गोळा उचलला, लाटला आणि तळला. जेवणं झाली. पुऱ्या आज थोड्या खारट झाल्यात, असं मेहुणाच म्हणाला. साडूभाऊ उठून परातीकडे गेले, परत आले आणि अतिशय गंभीरपणे त्याला म्हणाले, "तुमची मूठ तुमीच खाल्ली." मग दुसरा ठसा घेतला. पण भरल्या पोटी माणूस सैल धरतो, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मेहुण्याची मूठ अशी जाडजूड निघाली की तो तिला आजतागायत खोरं म्हणतो. "दाढी करू का पाण्याचा पाट मोकळा करू?" असं विचारतो. अर्थात साडूभाऊ तिथं नसताना.

सासऱ्यांनी जन्मभर दाढी केली ती न्हाव्याकडून, पारावर बसून. तरी थोरल्या जावयानं दिलेली मूठ त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरून ठणठण आवाज यायला लागला. दात गेल्यामुळे त्यांना सुपारी कुटून लागायची. खलातली सुपारी ते त्या मुठीनं कुटत होते. तोंडभरून स्तुतीही करत होते. साडूभाऊ अंगणात उभे राहून बघत राहिले. सासरे गेले त्या वर्षापर्यंत ती मूठ रोज वाजत होती.

आणि साडूभाऊंचा मुलगा. पुण्याला नोकरीला लागला आणि पहिल्या सुट्टीत घरी आला तो छान राखलेली, कडा कोरलेली दाढी घेऊन. साडूभाऊ त्याला बोलले नाहीत, रागावले नाहीत. जेवायला बसल्यावर त्याच्या ताटात, चटणी आणि लोणच्याच्या मधे, मूठ वाढलेली होती. तेव्हापासून मुलगा पुण्याहून येताना आधी नगरच्या स्टँडजवळच्या सलूनमध्ये बसतो, तुळतुळीत होतो आणि मग घरी जातो. हे मला ताईंनी सांगितलं. ताईंना सगळंच ठाऊक असतं.

आता कबुलीचं सांगतो. आमच्यातलं कुणीही ती मूठ वापरत नव्हतं. मी सुरुवातीला वापरली, अगदी निष्ठेनं. पण ती मुठीतून साबणाबरोबर निसटायची. एकदा पायाच्या अंगठ्यावर पडली, तो नखासकट काळा झाला. एकदा बेसिनमध्ये पडली आणि बेसिनला तडा गेला. उकळतं पाणी ओतल्यामुळं गेला असं मी बायकोला सांगितलं होतं, तेही इथंच कबूल करून टाकतो. मग मास्कचे दिवस आले. निम्मं तोंड झाकलेलंच, दाढी बघणार कोण? मुलीनं वाढदिवसाला एक बारकं चार्जिंगचं ट्रिमर दिलं आणि मी सुटलो. चार दिवसांची दाढी राखायची, ती वाढली की गुर्रकन उतरवायची. मूठ गेली कपाटात, बायकोच्या जुन्या बांगड्यांच्या डब्यात. मेहुण्याचं खोरं गोठ्यात दार अडवायला होतं.

पण साडूभाऊ यायचे. निवृत्त झाल्यावर तर जास्तच यायचे, आणि दर वेळी तो हात वर यायचा. देवानं, किंवा एसटी महामंडळानं, आमच्यावर एकच उपकार केला होता: ते आधी फोन करायचे. एक नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर गाडीत बसल्यावर, आणि दुसरा मिरजगाव आल्यावर. पहिला फोन कुणीही करील. दुसऱ्याचं मला नेहमी नवल वाटायचं. मिरजगावात सांगण्यासारखं काही घडलेलं नसायचं. "मिरजगाव आलं बरं का," एवढंच बोलायचे आणि ठेवून द्यायचे. पण आमच्या घरात त्या फोनवर जी पळापळ व्हायची, ती परीक्षेच्या दिवशीही होत नाही. बायको पाणी तापायला ठेवायची, मुलगी कपाटातून मूठ शोधायची, मी फेस लावून आरशापुढं उभा. महिनोन् महिने हातात न धरलेलं ते धूड मी थरथरत गालावरून ओढायचो, आणि ते वजनानं काम करायचं; साडूभाऊंचं तत्त्व माझ्या रक्तानं सिद्ध व्हायचं. मग तुरटी, मग वर्तमानपत्राचे कपटे. सोनईला जायचे तेव्हा मेहुण्याला घोडेगावहून फोन जायचा, आणि तिकडेही हेच. आम्ही दोघं एकमेकांना नंतर फोनवर जखमा सांगायचो.

कधी गाडी लवकर यायची आणि माझा एकच गाल झालेला असायचा. पण तेवढ्यात साडूभाऊ दारात आले असं कधी झालं नाही. ते कर्जतच्या स्टँडवर चहा पीत बसलेले असायचे. स्टँडवरच्या चहाला एरवी नावं ठेवणारा हा माणूस तिथं चांगला निवांत बसायचा, आणि उशीर का झाला विचारलं तर म्हणायचा, "चहा बरा हुता." मग हात वर. बोटं गालावरून फिरायची, एखाद्या कपट्याला अडखळायची, तो हलकेच काढून टाकायची. "चालंल," म्हणायचे. माझा जीव भांड्यात पडायचा आणि लगेच पुन्हा वर यायचा, कारण जेवताना ते बायकोला सांगायचे, "तुमचा मालक हँडल वापरतो रोज. असं मानूस पायजे." बायको माझ्याकडे बघायची नाही. मी भाताकडे बघायचो.

गेल्या वर्षी नवरात्रात त्यांचा फोन आला. कुठल्या गावाहून नाही, घरूनच. "पाव्हणं, खंडेनवमीला या. मशीनची पूजा हाय. आन् एक इचारायचंय. तुमीच सांगू शकता." बाकीचं ताईंनी बायकोला सांगितलं होतं. त्यांचे गुडघे आता मशीनपाशी उभं राहू देत नव्हते. मुलानं गाडी घेतली होती आणि ती लावायला शेड हवी होती. भंगारवाला येऊन मशीन बघूनही गेला होता. साडूभाऊ सगळ्यांना एकच सांगत होते: आपल्या मुठी लोक वापरत असतील तर मशीन राहील, नसतील तर कुणासाठी ठेवायचं? आणि वापरतात की नाही हे कर्जतचे पाव्हणे सांगतील, कारण ते खोटं बोलत नाहीत.

पुढचे काही दिवस अन्न गोड लागलं असं मी म्हणू शकत नाही. हो म्हणावं तर एक म्हातारा माणूस खोट्यापायी दुखऱ्या गुडघ्यांवर उभा राहणार. नाही म्हणावं तर त्याच्या आयुष्यभराच्या कौतुकाची वस्तू माझ्या तोंडून टेम्पोत चढणार. मेहुण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दाजी, तुमी हो म्हणा. आपलं काय जातंय? वर्षाला दोन-चार थेंब रगत." बायको म्हणाली, "सांगून टाका. नाहीतर आजपासून वापरा. दोन्हीतलं एक करा, पण रात्री कूस बदलायचं थांबवा." खंडेनवमीच्या सकाळी मी आरशापुढं उभा राहिलो. पाणी तापलेलं होतं, मूठ समोर होती. मी ती धुतली, पुसली, खिशात घातली आणि तसाच, चार दिवसांच्या दाढीनिशी, नगरच्या एसटीत बसलो. तोंडानं जमलं नाही तर गाल तरी खरं बोलेल, असा विचार होता.

शेड झाडलेली, मशीन पुसून चकचकीत, त्याला झेंडूचा हार, लेथच्या चाकाला हळदकुंकू. साडूभाऊ धुवट कपड्यांत स्टुलावर बसले होते. मला बघून उठले. सवयीनं हात वर आला, माझ्या गालाजवळ थांबला, आणि मग नेहमीसारखाच हनुवटीपासून कानापर्यंत फिरला. खरखर आवाज मला ऐकू आला. मला बसायला दुसरं स्टूल दिलं, हातात चिंधी घेतली आणि चकचकीत मशीनच पुन्हा पुसायला लागले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सांगा. वापरत्यात का लोकं?"

"नाही," मी म्हणालो. आणि एकदा तो शब्द बाहेर पडल्यावर बाकीचे त्याच्यामागून आपोआप आले. मी नाही, मेहुणा नाही, कुणीच नाही. तुम्ही येणार असलात की तेवढ्यापुरती सगळे करतात. ट्रिमर, बांगड्यांचा डबा, गोठ्याचं दार, सगळं. मुलाच्या सलूनचं तेवढं मी गिळलं, ते माझं नव्हतं. एवढं सलग मी माझ्या लग्नातही बोललो नव्हतो. साडूभाऊंची चिंधी थांबली नाही.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

मी स्टुलावरून उठलोच.

"रोज करनाराला कापत न्हाई, पाव्हणं. रोज धरलं तर हाताला वजन कळतं. तुमच्या गालावर दर बारीला नवी खांडोळी. सोनईच्या पाव्हण्यांचं तर बघवत न्हाई." त्यांनी चिंधी उलटी केली. "मंग मी मिरजगावहून फोन कशापायी करायचो? तिथं काय हाय सांगन्यासारखं? म्हनलं, पानी तापायला येळ भेटावा. गार पान्यानं लई कापतं."

स्टँडवरचा तो चहा मला तेव्हा समजला. मी खिशातून मूठ काढून मशीनवर ठेवली. मला वाटलं, झालं; आता हार काढतील आणि भंगारवाल्याला फोन लावतील. मी म्हणालो, माहीत होतं तर मग मला कशाला बोलावलंत?

"न्हाई हे म्हाईत हुतं. का न्हाई, ते ऐकायचं हुतं." ते स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "कंपनीत नग बिघडला की माघारी यायचा. त्याला चिठ्ठी बांधलेली असायची, का बिघडला त्याची. वाईट वाटायचं, पर दुसरा नग नीट निघायचा. ह्या हँडलांतलं एक बी कधी माघारी आलं न्हाई. आधी वाटलं, चांगली हायेत म्हनून येत न्हाईत. मंग वाटलं, कुनाला पडलीच न्हाई. म्हाताऱ्यानं सुपारी कुटली, पर रोज कुटली. वापरलं ते त्यानंच." मग मुठीकडे बोट करून म्हणाले, "बोला. काय खोट हाय?"

मी सांगितली. जड आहे. साबण लागला की निसटते, जाळी पुरी पडत नाही. अंगठ्यावर पडली होती. बेसिन फुटलं. हनुवटीखाली वळवताना मनगट दुखतं. प्रत्येक तक्रारीबरोबर या माणसाचा चेहरा असा उजळत गेला की मी घाबरून थांबलो, तर म्हणाले, "आनि?" आणखी काही नव्हतं, तरी त्यांच्या समाधानासाठी मी म्हणालो, पितळेचा वास हाताला राहतो. "राहतो," ते अतिशय खूश होऊन म्हणाले, आणि घराकडे तोंड करून त्यांनी ताईंना हाक मारली. "अगं, मशीन ऱ्हातंय. रिजेक्शन आलंय."

आतून ताईंचा आवाज आला, "मला वाटलंच, आज काय सुखाचा दिवस दिसत नाही."

कणीक मागवली गेली. पुरणाची आहे, सैल आहे, असं ताई म्हणाल्या. "असू दे. मानूस बी सैल झालाय," साडूभाऊ म्हणाले. तिथं आरसा नव्हता. मी त्या हार घातलेल्या मशीनसमोर उभा राहून हवेतच दाढीचा आव आणला, आणि या वेळी बघणारं कुणी नव्हतं तरी मी डोळे मिटले. ठसा घेऊन झाल्यावर त्यांनी फळीवरून माझी जुनी वाळलेली मूठ काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. जुनीवर बोटांच्या खाचा खोल होत्या, घाबरलेल्या नव्या नवऱ्यानं जीव मुठीत धरावा तशा. नवीन ठशात बोटं नुसती टेकलेली होती. "बघा," ते म्हणाले, "तवा लई आवळून धरत हुता तुमी." एवढंच. फळीवर पलीकडच्या टोकाला सासऱ्यांची कणकेची मूठ होती, एका बाजूनं उंदरानं कुरतडलेली. तिला त्यांनी जाता जाता हात लावला.

नवीन मूठ महिन्याभरात आली. आतून पोकळ. वजनाचं तत्त्व त्यांनी माझ्यासाठी मोडलं होतं, आणि हे कुणाला सांगू नका अशी अट होती. ती मी इथं मोडतो आहे. मेहुण्यानं तर तक्रारींची बरसातच केली आणि बदल्यात अशी सडपातळ मूठ मिळवली की आता तो आम्हाला बोलावून बोलावून दाखवतो. मुलानंही धीर करून सांगितलं की त्याला दाढी ठेवायचीच आहे. साडूभाऊ दोन दिवस शेडमध्येच होते. मग त्यांनी त्याच्या दाढीच्या कंगव्याला पितळेची मूठ करून दिली. गाडी गल्लीतच लागते, तिच्यावर शेजाऱ्यांची मांजर झोपते. आणि मी नव्या मुठीनं दाढी करतो. रोज नाही, आता खरंच बोलायचं ठरलंय तर सांगतो, एक दिवसाआड.

साडूभाऊ मात्र हल्ली येत नाहीत. एसटीची पायरी गुडघ्यांना चढवत नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मशीनही आठवड्यातून एखाद्या वेळी वाजतं. म्हणून मीच जातो. पहिल्यांदा निघालो तेव्हा मिरजगावला गाडी थांबली आणि मला गंमत सुचली. मी फोन लावला. "मिरजगाव आलं बरं का." पलीकडून ते म्हणाले, "या, या. पानी ठिवतो."

मला वाटलं, चहाचं. दारात पोचलो तर ते उभे होते. गाल ओलसर, साबणाचा वास, चेहरा तुळतुळीत. हात वर आला, माझ्या गालावरून फिरला. "चालंल," म्हणाले. आणि त्यांच्या जबड्याखाली, कॉलरच्या जरा वर, एक ताजी चीर होती, तिच्यावर तुरटीचा पांढरा डाग. मी तुळशीकडे बघितलं. ती अजून जिन्याखालीच आहे.

तेव्हापासून मिरजगावहून फोन केल्याशिवाय मी नगरला जात नाही. मला फार मोकळं बोलता यायला लागलंय असं बायको म्हणते, पण ती चीर मला दिसली, ही एक गोष्ट मी साडूभाऊंना सांगणार नाही. गाडी लवकर पोचली तर माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून बाकड्यावर बसतो, एक चहा घेतो, तो संपला की आणखी एक घेतो. मग सावकाश चालत घरी जातो. दारात ताई विचारतात, एवढा उशीर कसा झाला? मी सांगतो, चहा बरा होता.